वाचक विचारतात : एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, अंडाशयावर, पोटातल्या पातळ पडद्यावर, आतड्यावर, मूत्राशयावर, तेव्हा त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पाळी आली की या जागाही सुजतात, रक्त झिरपतं, आणि वर्षानुवर्षं हेच होत राहिलं की अवयव एकमेकांना चिकटत जातात. साधारण दहा बायकांमागे एकीला हा त्रास असतो. ऑपरेशनबद्दल आलेल्या पत्रांतली सात पत्रं या वेळी घेतली आहेत. एक विनंती : सोनोग्राफीच्या फिल्मचे फोटो पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. रिपोर्टचा मजकूर लिहून पाठवा.

वय २९, लग्नाला अडीच वर्षं झाली, मूल नाही. डाव्या अंडाशयात ४.५ सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी, जुन्या रक्तानं भरलेली गाठ) आहे. एएमएच (अंडाशयात किती अंडी उरली आहेत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.४. एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून काढून टाकू. दुसऱ्या म्हणतात तिला हात लावू नका, थेट आयव्हीएफ करा. कोणाचं ऐकू? (सातारा)

दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण एक महत्त्वाची गोष्ट तुमच्या पत्रात नाही. दुखतं का? पाळीत अंथरुणाला खिळवणारं दुखणं, संबंधाच्या वेळी आत खोलवर कळ, पाळी नसतानाही ओटीपोटात ठणका, यातलं काही असेल तर ऑपरेशनला कारण आहे. दुखत नसेल आणि आयव्हीएफ करायचं ठरलंच असेल, तर आधी सिस्ट काढल्यानं मूल होण्याची शक्यता वाढत नाही. वंध्यत्वावर काम करणाऱ्या युरोपातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच म्हटलं आहे. अपवाद आहेत : सिस्ट आड येते म्हणून अंडी काढायची सुई पोहोचत नाही, सिस्ट भराभर वाढते आहे, किंवा सोनोग्राफीत तिच्या आत घट्ट, रक्तपुरवठा असलेला भाग दिसतो.

‘हात लावू नका’ हा सल्ला कुठून येतो, तेही समजून घ्या. साध्या सिस्टला स्वतःची वेगळी साल असते आणि ती मोसंबीसारखी सोलून निघते. चॉकलेट सिस्टला अशी साल नसते. अंडाशयाचाच पृष्ठभाग आत दुमडला जाऊन तिची भिंत बनलेली असते, त्यामुळे ती सोलताना तिच्याबरोबर थोडी अंडीही जातात. ऑपरेशननंतर एएमएच खाली येतं ते यामुळे. दोन्ही बाजूंच्या सिस्ट एकदमच काढल्या तर शंभरात दोन-तीन जणींची पाळी लगेच कायमची बंद झाल्याचीही नोंद आहे.

हे नुकसान किती होईल, ते बरंचसं हातावर अवलंबून असतं. आधी अंडाशय मागच्या भिंतीपासून सोडवावं लागतं, कारण बहुतेक वेळा ते तिथे घट्ट बसलेलं असतं आणि त्याच्या खालूनच मूत्रवाहिनी जाते. सोडवता सोडवता सिस्ट फुटते आणि दाट तपकिरी द्रव बाहेर येतो. तो शोषून घेऊन पोट सलाइननं स्वच्छ धुतात. मग फुटलेल्या कडेपाशी भिंत आणि अंडाशय यांच्यामधली फट शोधायची, दोन चिमट्यांनी दोन्ही बाजू धरायच्या आणि थोडं थोडं ओढत भिंत वेगळी करायची. फट नीट उघडावी आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून काही सर्जन पातळ केलेलं व्हॅसोप्रेसिन आत टोचतात. रक्तवाहिन्या जिथून अंडाशयात शिरतात तिथे पोहोचलं की ही फट जवळजवळ संपते. गडबड होते ती तिथेच. जोरानं ओढलं की रक्त येतं, ते थांबवायला विजेचा चटका दिला जातो, आणि चटक्यानं उरलेली अंडीही भाजतात. म्हणून तिथला थोडा भाग सोडून देणं, नेमक्या जागी क्षणभरच चटका देणं किंवा बारीक टाका घालणं बरं. द्रव नुसता काढून टाकण्यात अर्थ नाही, काही महिन्यांत सिस्ट पुन्हा भरते.

तुमच्या वयाला १.४ हे एएमएच कमीच आहे. ऑपरेशन करायचं ठरलं, तर आधी अंडी किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याबद्दल नक्की विचारा. ऑपरेशननंतर एएमएच लगेच तपासू नका. सुरुवातीला ते फारच खाली गेलेलं दिसतं, तीन ते सहा महिन्यांनी तपासलेलं खरं. पतीची वीर्यतपासणी आणि तुमच्या नळ्यांची तपासणी झाली नसेल तर त्याआधी कोणताच निर्णय घेऊ नका. त्या दोन्ही ठीक असतील आणि आयव्हीएफ नको असेल, तर सिस्ट काढून नैसर्गिक गर्भधारणेसाठी सहा महिने ते वर्षभर वाट पाहणं हाही रास्त मार्ग आहे.

(नाव ‘चॉकलेट’ असलं तरी चॉकलेट खाण्याशी याचा संबंध नाही. आतलं जुनं रक्त तसं दिसतं म्हणून अमेरिकन सर्जन जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये हा शब्द वापरला, आणि तो चिकटला.)

माझी मुलगी १९ वर्षांची आहे. पाळीत उलट्या होतात, दर महिन्याला कॉलेज बुडतं. सोनोग्राफी नॉर्मल आहे. सासूबाई म्हणतात लग्न झालं की थांबेल. दुर्बिणीतून तपासून घ्यावं का? (लातूर)

लग्न हा उपचार नाही, बाळंतपणही नाही. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काही जणींना तेवढ्यापुरतं बरं वाटतं, इतकंच.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत सिस्ट दिसते. पोटातल्या पातळ पडद्यावर पसरलेले या आजाराचे तिळाएवढे डाग तिच्यात दिसत नाहीत, एमआरआयमध्येही ते बहुतेक वेळा सुटतात. तेव्हा नॉर्मल रिपोर्ट म्हणजे आजार नाही असं नव्हे. पूर्वी निदानासाठी दुर्बीण लागायचीच. आता लक्षणांवरून थेट औषध सुरू करणं मान्य आहे. पाळीच्या आदल्या दिवसापासून नॅप्रोक्सेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड जेवणानंतर घ्यायचं, दुखायला लागल्यावर नव्हे. त्यानं भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करून तीन ते सहा महिने परिणाम बघायचा. त्या गर्भनिरोधक गोळ्या असतील तर मधे खंड न पाडता घ्यायच्या, किंवा डायनोजेस्ट रोज २ मिलिग्रॅम. डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेषा दिसणारी अर्धशिशी असेल, किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्यांचा आजार झाला असेल, तर ते आधी सांगा, कारण अशांना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालत नाहीत.

या सगळ्यानं फरक पडला नाही तर दुर्बीण. पण ‘नुसतं आत बघू’ म्हणून नाही. डाग दिसले तर त्याच वेळी काढायचे आणि तुकडा तपासणीला पाठवायचा, अशी तयारी असलेला सर्जन हवा. नाहीतर भूल एकदा बघायला आणि पुन्हा एकदा काढायला असं होतं.

पत्राच्या शेवटी तुम्ही दबकत विचारलं आहे त्याबद्दल : दुर्बीण बेंबीतून जाते, योनिमार्गाशी तिचा संबंध येत नाही. गर्भाशय हलवायला एक दांडा योनीतून घालतात, तो अविवाहित मुलीत टाळता येतो. ‘मॅनिप्युलेटर घालू नये’ असं आधी सांगून संमतीपत्रावर लिहून घ्या.

वय ३४, दोन मुलं. पाळीत शौचाला बसलं की सुरी फिरवल्यासारखं दुखतं, कधी रक्तही पडतं. एमआरआयमध्ये गुदाशयावर २.५ सेंटीमीटरची गाठ आली. ऑपरेशन केलं तर पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल का? (नाशिक)

बहुतेकींना लागत नाही, आणि लागली तरी ती तात्पुरती असते.

आतड्यावरच्या गाठीला तीन प्रकारे हात घालतात. पहिला प्रकार, शेव्हिंग : आतडं न उघडता वरून गाठ तासून काढायची. दुसरा, गाठीपुरता नाण्याएवढा गोल तुकडा कापून तिथे टाके किंवा स्टेपल घालायचे. गाठ साधारण ३ सेंटीमीटरच्या आत असेल आणि आतड्याचा अर्ध्याहून कमी घेर तिनं व्यापला असेल तर हे जमतं. तिसरा, त्या भागाचं आतडंच कापून दोन टोकं जोडायची. गाठ मोठी असेल, एकाहून जास्त असतील किंवा आतड्याची वाट अरुंद झाली असेल तेव्हा हे लागतं. तुमच्या २.५ सेंटीमीटरला पहिला किंवा दुसरा प्रकार पुरेल असं कागदावर तरी दिसतं. गाठ किती खोल गेली आहे हे मात्र आत गेल्यावरच नक्की होतं.

पिशवी लागते ती जोड गुदद्वाराच्या फार जवळ असेल तेव्हा, किंवा त्याच वेळी योनीची भिंतही उघडावी लागली तेव्हा. दोन शिवणी शेजारी शेजारी आल्या की त्या फाटून आतडं आणि योनी यांच्यामध्ये भोक पडण्याचा धोका असतो. म्हणून वरचं आतडं काही आठवडे पोटावर काढून ठेवतात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी आत घेतात. ही शक्यता असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुम्हाला बसवून, वाकवून, उभं करून पोटावर पेनानं खूण करतात. साडी किंवा सलवार जिथे बांधता, किंवा पोटाला जिथे घडी पडते, तिथे पिशवी नीट बसत नाही, गळते. खूण न करताच ऑपरेशन थिएटरमध्ये नेत असतील तर विचारा.

पिशवीपेक्षा आमच्या मते जास्त विचारायला हवी ती लघवीची गोष्ट. गुदाशयाच्या दोन्ही बाजूंनी मूत्राशयाच्या नसा जातात. गाठ तिकडे पसरली असेल तर त्या दुखावतात, आणि ऑपरेशननंतर लघवी पूर्ण होत नाही. कॅथेटर काढल्यावर लघवी करवून, आत किती उरली ते सोनोग्राफीनं मोजतात. शे-दीडशे मिलिलिटरच्या वर उरत असेल तर दिवसातून काही वेळा स्वतःच बारीक नळी घालून ती काढायला शिकवतात. बऱ्याच जणींचं हे काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारतं, थोड्यांचं नाही. हे आधी माहीत नसलं की बाई पार खचून जाते.

ऑपरेशनआधी मूत्रपिंडाची सोनोग्राफी झालीच पाहिजे. अशा गाठी मूत्रवाहिनीला बाहेरून आवळतात आणि त्याचं काहीही दुखत नाही. मूत्रपिंड मुकाट्यानं फुगत जातं आणि निकामी झाल्यावर लक्षात येतं. ते फुगलेलं आढळलं तर दुखणं नसतानाही ऑपरेशन टाळता येत नाही.

एक प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा : ‘आतड्याचे सर्जन त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये असतील, की गरज पडली तर बोलावणार?’ गरज पडल्यावर धावपळ करून बोलावण्यात अर्धवट काम होतं. गाठ तशीच ठेवून बाहेर येतात आणि पुढच्या ऑपरेशनला चिकटलेलं आणखी वाढलेलं असतं. या आजारात पहिलं ऑपरेशन हीच सर्वांत चांगली संधी असते.

आणि हो, आतड्याची वाट अडलेली नसेल, मूत्रपिंडं ठीक असतील आणि आता मूल नको असेल, तर डायनोजेस्ट घेऊन वाट पाहणं हाही पर्याय आहे. गाठ दिसली म्हणजे ती कापायचीच असं नाही. रक्त पडण्याचं दुसरं काही कारण नाही ना, हे बघण्यासाठी कोलोनोस्कोपी मात्र करून घ्या. गाठ बाहेरून आत वाढते, त्यामुळे कोलोनोस्कोपी बऱ्याचदा नॉर्मल येते. तेवढ्यावरून गाठ नाही असं समजू नका.

दोन वर्षांपूर्वी सिस्ट काढली. आता त्याच बाजूला पुन्हा ३ सेंटीमीटर! ऑपरेशन नीट झालं नव्हतं का? (कोल्हापूर)

सांगता येत नाही. ऑपरेशननंतर दोन वर्षांत साधारण पाचातल्या एकीला आणि पाच वर्षांत चाळीस ते पन्नास टक्के जणींना हा आजार पुन्हा दिसतो. तेव्हा दोष सर्जनचाच असं म्हणता येणार नाही.

तीन गोष्टी तपासा. ही सिस्ट एंडोमेट्रिओसिसचीच आहे ना? अंडं फुटल्यावर तिथे रक्त साचून तयार होणारी सिस्टही तशीच दिसते, पण सहा-आठ आठवड्यांत आपोआप जाते. पाळी संपल्यासंपल्या सोनोग्राफी पुन्हा करा. दुसरी गोष्ट : जुनी ऑपरेशन नोट काढा. भिंत सोलून काढली असं लिहिलं आहे, की नुसती उघडून जाळली? जाळलेल्या सिस्ट जास्त परत येतात. तिसरी, आणि नेहमी हीच निघते : ऑपरेशननंतर हॉर्मोनची औषधं घेतली का? ‘आता काढलंय, गोळ्या कशाला’ म्हणून त्या बंद केल्या जातात. अंडाशय दर महिन्याला काम करत राहिलं, पाळी येत राहिली, की बी पुन्हा पडतं. मूल लगेच नको असेल तर गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्ट किंवा ५२ मिलिग्रॅमची हॉर्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, यातलं काहीतरी दीड-दोन वर्षं तरी, आणि शक्य तर मूल हवं होईपर्यंत चालू ठेवायचं. डायनोजेस्टवर पहिले तीन-चार महिने अवेळी डाग पडत राहतात. घाबरून सोडून देणाऱ्या बहुतेक जणी याच टप्प्यावर सोडतात. मन खूप उदास राहायला लागलं तर मात्र थांबून डॉक्टरांना सांगा.

३ सेंटीमीटरला पुन्हा ऑपरेशन सहसा नाही. दुसऱ्यांदा सोलताना अंडाशयाचं नुकसान पहिल्याहून जास्त होतं.

वय ४३. डॉक्टर म्हणतात गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढा, कायमचं सुटाल. (जालना)

‘कायमचं’ हा शब्द खोडा. गर्भाशय काढलं आणि आतड्यावरची, गर्भाशयामागच्या बंधांवरची गाठ तशीच राहिली, तर दुखणंही राहतं. गर्भाशय काढण्याचा खरा फायदा ॲडिनोमायोसिस असेल तर होतो, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर शिरलेलं असेल, पाळी भरमसाट जात असेल आणि औषधं थकली असतील तर. त्या वेळीही बाकीच्या गाठी त्याच बैठकीत काढायच्या.

दोन्ही अंडाशयं काढल्यानं आजार परत येण्याचं प्रमाण कमी होतं हे खरं, पण ४३ व्या वर्षी एका दिवसात रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा धोका वाढणं. हॉर्मोन्स बाहेरून द्यावी लागतात, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी. आणि या आजारात गर्भाशय काढलेलं असलं तरी नुसतं इस्ट्रोजेन न देता सोबत प्रोजेस्टोजेन देतात, नाहीतर उरलेले डाग पुन्हा जागे होतात. ही गोष्ट डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली असावी.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं नको तितकी काढली गेल्याच्या बातम्यांनी राज्य हादरलं होतं. तुमच्या बाबतीत तसंच आहे असं आम्ही म्हणत नाही. पण एमआरआय किंवा आतून केलेली सोनोग्राफी न करता, नुसत्या ‘पिशवी सुजली आहे’वर कोणी तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

सिझेरियनच्या टाक्यावर गाठ आली आहे, पाळीत दुखते. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. (पणजी)

चौथा घेऊ नका. व्रणाजवळची, पाळीबरोबर फुगणारी-दुखणारी गाठ म्हणजे बहुधा व्रणातलं एंडोमेट्रिओसिस. सिझेरियनच्या वेळी अस्तराच्या पेशी तिथे राहतात आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा गाठ होते. सोनोग्राफी करा, हर्निया नाही ना तेही त्यात कळेल. इथे दुर्बीण लागत नाही. गाठ भोवतालच्या साधारण १ सेंटीमीटर निरोगी भागासकट कापतात. कमी कापलं की परत येते. गाठ पोटाच्या पांढऱ्या जाड पडद्यात शिरलेली असेल तर तिथे भगदाड पडतं आणि कधी जाळी लावावी लागते, म्हणून लहान गाठ लवकर काढलेली बरी.

विमा कंपनीनं क्लेम नाकारला. कारण दिलं ‘वंध्यत्वाचा उपचार’. ऑपरेशन तर दुखण्यासाठी होतं. आणि घरी आल्यावर किती दिवस जपायचं? (ठाणे)

बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वावरचा उपचार वगळलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रायमरी इन्फर्टिलिटी’ हे पहिल्या ओळीत आणि ‘एंडोमेट्रिओमा (म्हणजे चॉकलेट सिस्ट), तीव्र वेदना’ हे शेवटी असलं की असं होतं. तुमच्या बाबतीत वेदना हेच खरं कारण असेल तर जुने केसपेपर, वेदनेच्या गोळ्यांची चिठ्ठी, सोनोग्राफी आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जोडून डॉक्टरांचं पत्र द्या आणि क्लेम पुन्हा विचारात घ्यायला सांगा. काही पॉलिसींत गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळही असतो, तोही पाहा. फाइलबरोबर ऑपरेशनचं रेकॉर्डिंगही पेन ड्राइव्हवर मागून घ्या. पुढच्या सर्जनला त्याचा शंभर कागदांपेक्षा जास्त उपयोग होतो.

जपण्याचं म्हणाल तर, नुसती सिस्ट काढली असेल तर त्याच संध्याकाळी चालायचं, आठवडा-दोन आठवड्यांत नेहमीची कामं. खांदा दुखला तर घाबरू नका. पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू छातीखालच्या पडद्याला टोचतो, त्याची कळ खांद्यात जाते आणि दोन-तीन दिवसांत थांबते. आतड्यावर किंवा योनीवर टाके असतील तर चार ते सहा आठवडे पाण्याची घागर, गॅसचा सिलिंडर, कडेवर मूल आणि शरीरसंबंध बंद.

ऑपरेशननंतर दुखणं दिवसेंदिवस कमी होत गेलं पाहिजे. तिसऱ्या ते दहाव्या दिवसात ते उलट वाढायला लागलं, ताप आला, पोट फुगलं, नाडी जोरात चालली तर आतड्याची शिवण गळत असू शकते. एका कुशीत दुखणं, ताप किंवा योनीतून पाण्यासारखं सतत गळणं आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू झालं तर मूत्रवाहिनीला इजा असू शकते, कारण चटक्यानं भाजलेली जागा तेवढ्या दिवसांनी उघडते. पायाची पोटरी एकाच बाजूला सुजणं, दम लागणं हेही तितकंच धोक्याचं. यात फोनवर गोळी विचारत बसू नका. जिथे ऑपरेशन झालं तिथे त्याच रात्री जा, आणि जाताना ऑपरेशन नोट बरोबर घ्या.